बडीच्या दुसऱ्या फोनचं भावानं काय करावं?

कोपरखैरणेकरीण
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या नाहीतर पाणीकपातीच्या धाग्यांवर असते, आज जरा वेगळं विचारतेय.

माझा धाकटा भाऊ फौजेत जवान आहे, सात वर्षं झाली. सध्या छुट्टीवर आलाय. निम्मी छुट्टी साताऱ्याला गावी काढून आता आमच्याकडे. मी बघतेय, रात्रीचे अकरा वाजले की हा गॅलरीत बसून घरातले सगळे बूट पॉलिश करतो. पहिल्या रात्री लेकीचे शाळेचे, दुसऱ्या रात्री ह्यांचे ऑफिसचे, तिसऱ्या रात्री शेजारच्या काकांचेही मागून आणले. पॉलिशची डबी संपली तेव्हा मी खाली बसले आणि विचारलं, काय झालंय?

त्याचा बडी आहे, म्हणजे पलटणीतला जोडीचा जवान, [संपादित]. बडीकडे दोन फोन आहेत. एक मोजणीला जमा करतो, दुसरा करत नाही. त्या दुसऱ्यावर मनाई असलेलं अ‍ॅप आहे आणि त्या अ‍ॅपवर एक मुलगी आहे. चंदीगडला नर्स आहे म्हणे. आधी "जेवलास का" चालायचं. आता "तिकडे थंडी किती", "किती जण आहात", "खाली कधी उतरणार" असं चालतं. भावानं एकदा टोकलं तर बडी म्हणाला, लग्नाचं बघतोय, तू गप्प बस.

हा बडी कोण, तर गेल्या हिवाळ्यात [संपादित] भावाला रात्री श्वास लागेना, छातीत पाणी झालं, तेव्हा स्ट्रेचरच्या पुढच्या दांड्याला पहाटेपर्यंत खांदा देणारा. आमच्या वडिलांच्या ऑपरेशनला ४० हजार देणारा आणि आजतागायत एकदाही परत न मागणारा.

भाऊ म्हणतो, सांगितलं तरी गद्दार, नाही सांगितलं तरी गद्दार. अजून ११ दिवस छुट्टी आहे. मी काय सांगू त्याला?

घोडबंदरचा_प्रवासी
पहिलं म्हणजे भावाला आमच्याकडे पाठवा. सहा जोड पडलेत, आणि घोडबंदर रोडच्या धुळीत फौजी पॉलिश किती टिकतं तेही कळेल.

दुसरं म्हणजे विषय गंभीर आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचतोय.

रोखठोक_नौपाडा
माझं मत स्पष्ट आहे. चुगली करू नये. ज्यानं खांदा दिला त्याच्या पाठीत सुरी खुपसायची? आमच्या हॉस्टेलवर एकानं वॉर्डनकडे चौघांची नावं फोडली होती. पंचवीस वर्षं झाली, आमच्या ग्रुपवर तो अजून 'बीबीसी' आहे. कुणाच्या लग्नाला बोलावणं नाही, कुणाच्या बारशाला नाही. तुमच्या भावाला हेच आयुष्य हवंय का? फोन हाती लागला की दगडावर आपटून फोडायचा, विषय संपला.

संपादक
धागाकर्तीच्या लेखनातून पलटणीचं नाव, चौकीचा भाग आणि उंची काढली आहे. ४० मिनिटांत २११ वाचनं झाली होती. खारघर_खलाशी यांनी प्रतिसादात तोच मजकूर उद्धृत केला होता म्हणून तो उडवला आहे, राग मानू नये.

कोपरखैरणेकरीण
अगंबाई! म्हणजे ती बाई त्या पोराकडून महिनोन्महिने जे काढतेय ते मी एका पोस्टीत फुकट लिहून टाकलं. भावाला अजून सांगितलेलंही नाही की मी इथे विचारलंय. हात थरथरतायत. आभार, संपादक.

घोडबंदरचा_प्रवासी
ताई, घाबरू नका. आपलं संस्थळ इतकं हळू उघडतं की शत्रूच्या हाती पान लागेपर्यंत पलटण तिथून हललेली असेल.

पाचपाखाडी_वकील
लष्करी कायदा हा माझा रोजचा विषय नाही, पण आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या मुंबई खंडपीठापुढे दोनेक प्रकरणं चालवली आहेत, त्यामुळे थोडं सांगतो.

लोकांना वाटतं फौजेत 'पाहिलं की कळवलंच पाहिजे' असा सरसकट नियम असणार. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चाळलात तर 'न कळवणं' हा स्वतंत्र गुन्हा मोजक्याच जागी दिसतो. कलम ३७, बंड. होणार आहे हे ठाऊक असून वरिष्ठाला खबर दिली नाही तर तुम्हीही बंडखोरांच्याच ओळीत, शिक्षा मृत्यूपर्यंत. कलम ३८, कुणी पळून गेलाय किंवा पळायचा प्रयत्न करतोय हे ठाऊक असून गप्प बसलात तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणि कलम ३५. शत्रूशी परवानगीशिवाय पत्रव्यवहार चाललाय हे कळूनही जो मुद्दाम 'ताबडतोब' कमांडिंग ऑफिसरला किंवा दुसऱ्या वरिष्ठाला सांगत नाही, त्याला १४ वर्षांपर्यंत. बाकी उशिरा परतणं, पिऊन येणं, फोन लपवणं, यात बघणाऱ्यालाही अडकवायचंच ठरवलं तर कलम ६३ ची मोघम पिशवी आहे, 'शिस्तीला बाधा'.

आता ती नर्स खरोखर नर्स असेल तर हा नुसता फोन लपवल्याचा गुन्हा आहे. नसेल तर ३५ आहे आणि वर ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट १९२३ आहे. दोन्हींतलं कोणतं हे भावाला ठरवता येणार नाही, ठरवायला त्यानं जाऊही नये. कारण जाणूनबुजून खोटा आरोप केला तर कलम ५६ आहे, पाच वर्षांपर्यंत. त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं. 'दुसरा फोन आहे, अमुक प्रश्न आलेले मी वाचले' इथे थांबायचं. 'तो फितूर आहे' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

रोखठोक_नौपाडा
वकीलसाहेब, इतकी कलमं वाचून तर मीच घाबरलो. फी कुठे भरायची?

सुभेदारकाका_कळवा
ताई, जय हिंद. २८ साल नोकरी, इन्फन्ट्री. टायपिंग नातू करतोय, चुका असतील त्या त्याच्या.

इथे सगळे बडी म्हणजे जिगरी दोस्त धरून चालले आहेत. दोस्त आपण निवडतो. बडी वाटून मिळतो. हवालदार मेजर यादी वाचतो, हा तुझा, तू ह्याचा, खलास. त्याच्या पायाला फोड आला तर तुला माहीत पाहिजे. त्याच्या घरून वाईट बातमी आली, तो दोन दिवस जेवला नाही, तुला माहीत पाहिजे. काही झालं तर पहिला सवाल तुलाच येतो, तू कुठे होतास? बडीवर ध्यान ठेवणं हेच काम दिलेलं असतं, त्यात दोस्ती झाली तर ती वरकड.

आता माझं ऐका. मी लान्स नायक होतो. रात्री दोनच्या सुमारास संतरी चेक करायला निघालो. एक पोरगा मोर्चात, म्हणजे पहाऱ्याच्या आडोशाला, बसल्या जागी झोपलेला, रायफल मांडीवर. मी रायफल हलकेच उचलली आणि वीस पावलं मागे जाऊन बसलो. म्हटलं, गंमत बघू. त्याला जाग आली. ओरडला नाही. दोन्ही हातांनी आधी मांडी चाचपली, मग बाजूची माती, मग गुडघ्यांवर येऊन अंधारात हात फिरवत राहिला, आंधळा फिरवतो तसे. त्याच्या दातांचा आवाज मला वीस पावलांवर येत होता. माझी गंमत तिथेच संपली. जाऊन रायफल दिली. त्यानं पाय धरले. माझ्याच तालुक्यातला. म्हटलं, जा, कुणाला बोलत नाही. आणि नाही बोललो. मनात मोठा खूश, पोरगं वाचवलं.

दोन महिन्यांनी परत झोपला. त्या रात्री राउंडवर साहेब होते. २८ दिवस आत. आत असतानाच चक्कर येऊन पडला, तपासलं तर साखर चारशेच्या वर. तोवर झोपाळू, कामचुकार, सगळं म्हणून झालेलं. मी पहिल्या रात्री आमच्या प्लाटूनच्या साहेबांच्या कानावर घातलं असतं तर त्यांनी शिव्या घालून दुसऱ्या सकाळी त्याला एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, धाडला असता, कारण गडी एरवी कामाचा होता. माझ्या चांगुलपणानं त्याचे दोन महिने खाल्ले.

तुमच्या भावाला सांगा, थेट सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर उभं राहायची, लेखी द्यायची सुरुवात करू नको. परत जा, बडीला तोंडावर बोल. आज रोल कॉलच्या आधी फोन हातात घेऊन प्लाटूनच्या साहेबांकडे जायचं, मी तुझ्यासोबत चालतो. तू नाही आलास तर मी एकटा जातो. फोनची लाल शाई लागेल, म्हणजे कागदावर शिक्षेची नोंद, लागू दे. लाल शाईनं माणूस मरत नाही.

मास्तरीण_वाशी
काका, तो मांडी चाचपणारा हात डोळ्यांसमोरून जात नाहीये.

पाचपाखाडी_वकील
काकांचा पूर्ण आदर राखून मतभेद नोंदवतो. कायद्यात 'ताबडतोब' हा शब्द आहे. आधी आरोपीला सूचना द्या मग वरिष्ठाला, असं नाही. शिवाय इशारा मिळाला की बडी दहा मिनिटांत सगळं पुसून टाकेल. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिला प्रश्न येईल, पुसायची बुद्धी त्याला कुणी दिली? आणि जो मदत करायला गेला तो पुरावा नष्ट करण्यात सामील ठरेल.

सुभेदारकाका_कळवा
वकीलसाहेब, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही त्याच्यासोबत तारखेपुरते. बराकीत तो पुढची दहा-पंधरा वर्षं राहणार, त्याच माणसांत जेवणार, त्याच माणसांच्या मागून चालणार. म्हणून म्हणालो, सोबत चालतो. बोलणं आणि चालणं यात पंधरा मिनिटांचं अंतर ठेवायचं. रात्र मध्ये जाऊ द्यायची नाही. आणि त्या पंधरा मिनिटांत फोन कुणाच्या हातात आहे हे बघायचं.

खारघर_खलाशी
प्रतिसाद उडवला त्याबद्दल राग नाही, चूक माझीच. १५ वर्षं नौदल, आता मर्चंटला.

डिसेंबर २०१९ मध्ये आंध्र पोलिसांनी ७ नौसैनिक पकडले, पाकिस्तानला माहिती पुरवल्याच्या संशयावरून. फेसबुकवर ओळख, मग गप्पा, मग पैसे. त्याच महिन्यात जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद झालं. पुढच्या जुलैत लष्करानंही ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली, ताईंच्या भावाची मनाई तिथून आली असणार. आम्ही तेव्हा यथेच्छ शिव्या घातल्या, सात जणांनी खाल्लं आणि सगळ्यांना जुलाब. आमचा एक चीफ ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, त्या सातांच्या वरच्या नाहीतर खालच्या बंकमध्ये कुणीतरी झोपत असेलच ना. त्यानंतर मेसमध्ये कुणी काही बोललं नाही.

दुसरा मुद्दा. व्यापारी जहाजांना आयएसएम कोड, म्हणजे सुरक्षित कारभाराची आंतरराष्ट्रीय नियमावली, लागू आहे. त्याप्रमाणे प्रत्येक कंपनीला किनाऱ्यावर एक माणूस नेमून द्यावा लागतो, डेझिग्नेटेड पर्सन म्हणतात. कॅप्टनला वगळून खलाशी थेट त्याच्याशी बोलू शकतो. जोडीला 'निअर मिस'चे फॉर्म, अपघात थोडक्यात टळला तर लिहून द्यायचं, नाव न घालताही चालतं. फौजेत अशी एक निनावी खिडकी असती तर ताईंच्या भावानं बूट पॉलिश केले नसते.

(हेही कबूल करतो की एका जहाजावर महिन्याला चार निअर मिस आलेच पाहिजेत असं फर्मान निघालं. मग काय, दर महिन्याला त्याच जिन्यात तेच तेल सांडायचं आणि तोच फिटर घसरता घसरता वाचायचा.)

सुभेदारकाका_कळवा
निनावीचं फौजेत जमत नाही हो. कंपनीत शंभर-सव्वाशे माणसं. गुमनाम चिठ्ठी आली की रात्रीच्या लंगरपर्यंत अक्षर ओळखलेलं असतं. आमच्याकडे एकानं हुशारी केली, डाव्या हातानं लिहिली. कंपनीत डावखुरे दोनच, दोघांनाही मार्च अप, म्हणजे साहेबांपुढे पेशी. लिहिणारा उजवा, तो लाइनमध्ये उभा राहून हसत होता. आम्हाला हे त्यानं पेन्शनला जाताना सांगितलं.

घोडबंदरचा_प्रवासी
काका, तुमच्या नातवाला पगार द्या. हा धागा एकटा तोच वाहतोय.

मास्तरीण_वाशी
एनसीसी म्हणजे फौज नव्हे, मान्य. तरी लिहिते, कारण काकांचं वाचून जुनं काहीतरी वर आलं.

कॉलेजात असतानाचा दहा दिवसांचा कॅम्प. पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, प्रत्येकीला पाच गोळ्या. झाल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजतात, जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढ्या पुंगळ्या परत. एक कमी भरली. उस्तादांनी सगळ्यांना ओळीनं गुडघ्यांवर बसवून रेंजचं गवत चाळायला लावलं. डोक्यावरचं ऊन कलायला लागलं तरी आम्ही चाळतोय. माझ्या शेजारी माझी मैत्रीण. ती दोन्ही हातांनी गवत बाजूला करत होती आणि पुंगळी तिच्या डाव्या मोज्यात होती. मला माहीत होतं, कारण त्याचं लॉकेट करायचा बेत तिनं सकाळीच सांगितला होता. साठ मुलींचे गुडघे सोलवटलेत, एकीला उन्हानं भोवळ आलीय, आणि आम्ही दोघी नसलेली वस्तू मन लावून शोधतोय.

शेवटी मी तिच्या पायाशी वाकले, काटा रुतलाय का बघू म्हणाले, पुंगळी काढली, दोन हात पुढे टाकली आणि ओरडले, सापडली! टाळ्या झाल्या. उस्ताद आले, पुंगळी तळव्यावर घेऊन जागा बघितली, मग मला म्हणाले, "बेटा, यह जगह हमने तीन बार देखी है." बस, एवढंच. उरलेले चार दिवस मी त्यांच्यासमोर मान वर केली नाही.

आणि मैत्रीण? मी तिला वाचवलं आणि माझ्याशी बोलणं तिनंच सोडलं. मला बरीच वर्षं राग होता. आता शिकवायला लागल्यावर वाटतं, जिनं आपल्याला तसं पाहिलंय तिच्याशी रोज डबा खाणं अवघड असणार.

लुईसवाडी_लोकल
जरा अवांतर. लष्करी नियमभंगावर एवढं गंभीर बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ३१ डिसेंबरला सोसायटीतल्या फौजी काकांच्या कोट्यातली प्यायली आहे? कॅन्टीनची बाटली बाहेर विकायला बंदी आहे, 'केवळ संरक्षण दलांसाठी' असं बाटलीवरच छापलेलं असतं. हात वर करा.

घोडबंदरचा_प्रवासी
एक हात वर. दुसऱ्यात ग्लास आहे.

सुभेदारकाका_कळवा
नातवाला टाइप करायला लाज वाटतेय, पण बिल्डिंगमध्ये मला कुणी सुभेदार म्हणत नाही, कोटा म्हणतात. "कोटा आहे का घरी?" नऊ वर्षं नाही म्हणतोय. तेव्हापासून माझं पार्किंग पाण्याच्या पंपाजवळ गेलंय.

रोखठोक_नौपाडा
काका, एक खोचक प्रश्न. विकणारे तुमच्या ओळखीचे असतीलच. त्यांच्याबद्दल कुठे सांगितलंत?

सुभेदारकाका_कळवा
नाही सांगितलं.

लुईसवाडी_लोकल
रोखठोक, पुरे की आता.

सुभेदारकाका_कळवा
नाही, त्यांचा सवाल वाजवी आहे. बाटलीनं कुणी मरत नाही अशी मी माझी समजूत घालतो. फोननं मरू शकतात. पण ही रेघ मी माझ्या सोयीनं मारली असेल, नाही कोण म्हणतो.

पलटणीची_सून
फॅमिली क्वार्टर्समध्ये अकरा वर्षं काढलीत, सध्या मुलांच्या शाळेसाठी सीवूड्सला. सगळे सांगणाऱ्या जवानाचं बोलतायत, त्याच्या घरच्यांचंही बोलू. आमच्या एका स्टेशनवर एकानं स्टोअरमधल्या गडबडीबद्दल सांगितलं होतं. खरंच होतं, चौकशीत सिद्धही झालं. त्याला कुणी काही केलं नाही, बढतीही वेळेवर मिळाली. फक्त संक्रांतीला त्याच्या बायकोच्या हळदीकुंकवाला आम्ही तिघी गेलो. तिनं पस्तीस जणींचं वाण आणून ठेवलं होतं. स्टीलच्या वाट्या. उरलेल्या तिनं परत खोक्यात कशा रचल्या ते मी पाहिलंय.

मी सांगू नका म्हणत नाहीये. भाऊ विवाहित असेल तर वहिनीशी आधी बोला.

कोपरखैरणेकरीण
अजून लग्न नाही झालेलं त्याचं. पण हे वाचून गलबललं.

बेलापूर_वाचक
पलटणीची_सून यांनी लिहिलेलं जगभर तसंच आहे. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो आठवत असतील. ते बाहेर काढले जो डार्बी नावाच्या शिपायानं. जानेवारी २००४ मध्ये त्यानं फोटोंची सीडी लष्करी तपास विभागाला दिली. फोटो त्याला आपल्याच कंपनीतल्या सोबत्याकडून मिळाले होते. नाव गुप्त राहील असा शब्द त्याला होता. मे महिन्यात अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी तिथल्या संसदेपुढच्या सुनावणीत त्याचं नाव घेऊन आभार मानले. डार्बी तेव्हा इराकमध्येच होता, मेसमध्ये शेकडो शिपायांसोबत जेवत होता आणि समोर टीव्ही चालू होता. पुढे त्याला स्वतःच्या गावी जाऊन राहता आलं नाही.

त्याआधीचं, १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय, अमेरिकन सैनिक गावकऱ्यांना मारत होते. ह्यू थॉम्प्सन या वैमानिकानं गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधोमध हेलिकॉप्टर उतरवलं आणि परतल्यावर वरिष्ठांना सांगितलं. त्यासाठीचं सोल्जर्स मेडल त्याला १९९८ मध्ये मिळालं.

रोखठोक_नौपाडा
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. सांगणाऱ्याचं वाटोळं होतं. शिवाय तिथे माणसं मारली जात होती, छळ चालला होता. इथे एक एकटा पोरगा पोरीशी गप्पा मारतोय.

बेलापूर_वाचक
"किती जण आहात" आणि "खाली कधी उतरणार". माझ्या बायकोनं मला २२ वर्षांत हे दोन प्रश्न विचारलेले नाहीत.

घोडबंदरचा_प्रवासी
माझी विचारते. पण ती बिल्डिंगखाली उभी असते.

रोखठोक_नौपाडा
दोन दिवस लिहिलं नाही, कारण आहे. फोन फोडा म्हणालो होतो ते मागे घेतो. चुगलीबद्दलचं मत कायम, पण ते "थंडी किती" डोक्यातून जाईना.

आणि दुसरं. धाग्यामुळे त्या बीबीसीचा नंबर शोधून फोन केला. पंचवीस वर्षांनी. तासभर बोललो. शेवटी म्हटलं, का रे तेव्हा नावं सांगितलीस? तो म्हणाला, मी? वॉर्डनला धोब्यानं सांगितलं होतं. तुमच्या खिशात पत्ते सापडले होते त्याला. मग तू बोलला का नाहीस इतकी वर्षं? तर म्हणे, विचारलं कुणी?

मास्तरीण_वाशी
अरे देवा.

घोडबंदरचा_प्रवासी
रोखठोक, आता सगळ्यांच्या मुलांच्या बारशांची जेवणं एकदम घाला त्याला. तलावपाळीला भेटा, मीही येतो.

कोपरखैरणेकरीण
मंडळी, भावाला धागा दाखवला. आधी तोंड पडलं त्याचं, ताई हे तू इथे लिहिलंस? मग गॅलरीत बसून सगळा वाचला. काकांचं आणि पुंगळीचं दोनदा वाचलं. वकीलसाहेबांचं 'ताबडतोब' वाचून बराच वेळ गप्प होता.

त्यानं ठरवलं ते असं. छुट्टी पूर्ण करायची नाही, आजच निघायचं. मी म्हटलं, निदान बडीला फोन करून सांग, येतोय म्हणून. तर माझ्याकडे बघून म्हणाला, फोनवर? बरोबरच आहे म्हणा. आज [संपादित] बसवलं गाडीत. रव्याचे लाडू केले होते, दोन डबे घेतले त्यानं. दुसरा कुणाला, मी उगाच विचारलं. बडीला, दरवेळी नेतो, म्हणाला.

संपादक
गाडीचं नाव, वेळ आणि स्टेशन काढलं आहे. ताई, तुम्ही पण ना!

पाचपाखाडी_वकील
लवकर निघाला हे फार चांगलं झालं. कोणत्या दिवशी काय पाहिलं ते त्यानं गाडीतच मनाशी क्रमानं लावून ठेवावं. कागदावर नको.

सुभेदारकाका_कळवा
शाबास. पोहोचल्यावर आधी जेवायला सांगा. उपाशी पोटी असलं काम करू नये.

लुईसवाडी_लोकल
तीन आठवडे झाले. काही कळलं का ताई?

कोपरखैरणेकरीण
लिहिणार नव्हते, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून एवढंच सांगते, बाकी विचारू नका.

दोघं गेले. म्हणजे भाऊ बोलला, बडीनं आधी शिव्या दिल्या, मग गळपटला, मग चालत सोबत आला. फोन दिला. पुढे वरून माणसं आली, चौकशी चालू आहे, ती मुलगी कोण हे ह्या दोघांना कुणी सांगितलेलं नाही. भावालाही दोन दिवस बसवून विचारलं, तू इतके दिवस काय करत होतास? त्याला उत्तर देता आलं नाही म्हणे. बडीला दुसरीकडे ठेवलंय, भावाला नवा बडी मिळालाय. पोरगा बरा आहे, पण फार घोरतो.

परवा जुन्या बडीनं दुसऱ्या कुणाकरवी निरोप पाठवला. ४० हजार परत दे.

रोखठोक_नौपाडा
पैशांची सोय आहे का? नसेल तर खासगीत निरोप करा. मनापासून विचारतोय.

कोपरखैरणेकरीण
आहे, दादा. ह्यांनी बोनसचे बाजूला ठेवले होते ते देतोय. आभार.

सुभेदारकाका_कळवा
रक्कम पुरी द्या, एकरकमी. आणि भावाला म्हणावं, स्वतःच्या हातानं दे. फोनवरून नको पाठवू.

घोडबंदरचा_प्रवासी
आणि लाडवांचा डबा?

कोपरखैरणेकरीण
डबा अजून त्याच्याकडेच आहे. रिकामा परत देत नाहीत ना.